बोलायची लाईट

आमच्या ऑफिसात शालनआक्का नावाची बाई रोज सकाळी चार बॅटऱ्यांच्या अंगावर तळहात ठेवून ताप बघते. मी चेष्टा करत नाहीये. आधी चपला दाराबाहेर काढते, मग एकेकीला हात लावते, आणि एखादी गरम लागली तर "काय गं बाई, कुणी पळीवलं तुला एवढं?" असं विचारते. मी तापानं फणफणत ऑफिसला आलो होतो तेव्हा मात्र हीच बाई मला म्हणाली, "दारात उभं ऱ्हाऊ नका, वारं अडतंय."

शालनआक्का आमच्या साखर कारखान्याची टेलिफोन ऑपरेटर. बाहेरून आलेला फोन शेती खात्याला, वजनकाट्याला, गोडाउनला जोडून द्यायचा, हे तिचं काम. तिच्या छोट्या खोलीत भिंतीवर एक्स्चेंजचा डबा आहे आणि लाईट गेली तरी तो चालू राहावा म्हणून खाली घडवंचीवर या चार बॅटऱ्या. आता गंमत बघा, आमचा कारखाना स्वतः वीज तयार करतो, वर ती विकतो, आणि तरी आमच्याच ऑफिसातली लाईट उठल्यासुटल्या जाते. याची चीड कुणाला येत नाही. मला येते. मी साधा कारकून आहे, चिडण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

आक्का आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्यामुळे चारही बॅटऱ्यांना तिनं मेंढरांची नावं दिली आहेत. चांदी, बानी, काळी आणि लंगडी. लंगडी म्हणजे जी सगळ्यांत आधी उतरते ती. "लंगडी बसली की बाकीच्या तिघी बी बसत्यात," असं आक्का सांगते आणि लंगडीकडे जरा जास्त लक्ष देते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरणं याला ती पाणी पाजणं म्हणते. एकदा शिपायानं नळाचं पाणी ओतायला घेतलं, तर आक्का अशी किंचाळली की लेबर ऑफिसातली माणसं धावत आली. तेव्हापासून दारावर पाटी असते: 'बानीला व लंगडीला आज पाणी पाजले आहे. कोणीही परत पाजू नये.'

आमचे नवे ऑफिस साहेब पहिल्याच दिवशी त्या पाटीपुढे थांबले आणि माझ्याकडे वळून करड्या आवाजात म्हणाले, "ऑफिसात शेळ्या कोण पाळतंय?"

आता माझं आणि आक्काचं वाकडं का, ते सांगतो. लाईट गेली की अख्ख्या ऑफिसात एकच सॉकेट जिवंत असतं, ते आक्काच्या खोलीतलं. माझा मोबाईल नेमका तेव्हाच मरायला टेकलेला असतो. मी चोरपावलांनी जाऊन पिन खोचायचा अवकाश, आक्का फोनवर बोलता बोलताच हात मागे करून ती उपटते.

"ही लाईट बोलायची हाय, तापवायची न्हाई!"

हे तिचं ठरलेलं वाक्य. मी म्हटलं, "आवं आक्का, मोबाईल काय तापवायला असतो का? तोबी बोलायलाच असतो की!"

"त्याच्यावर तुमी बोलता व्हय? त्याच्यावर तुमी अंगठा फिरवता."

चार्जर जप्त. तिच्या कपाटात अशी जप्त केलेली जनावरं बरीच आहेत. अकाउंटची चहाची किटली, गणपतीच्या दिव्यांची माळ, चेअरमनसाहेबांच्या ड्रायव्हरचं दाढीचं मशीन. कोंडवाडा म्हणतात ऑफिसातले लोक त्या कपाटाला. दंड भरूनही तिथून काही सुटत नाही. माझा चार्जर नवा होता हो! मी लेखी तक्रारसुद्धा करणार होतो, पण आवक-जावकचं टेबल माझ्याकडेच आहे आणि स्वतःचाच अर्ज स्वतःच स्वीकारायची लाज वाटली.

तर पाटीनंतर नव्या साहेबांनी एक्स्चेंज मनावर घेतलं. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हा डबा कशाला, या बॅटऱ्या कशाला, बाईंना टपाल विभागात बसवा. सोमवारी हुकूम निघाला की शुक्रवारी एक्स्चेंज बंद.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आक्का भांडायला उठली तेव्हा मी थक्क झालो. टपाल विभागात पंखा आहे, खिडकी आहे, काम निम्मं आहे. दुसरी बाई पेढे वाटून गेली असती. ही साहेबांच्या केबिनमध्ये उभी राहून म्हणाली, "साहेब, पगार कमी करा, पर माझी लाईन तोडू नका." साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "बाई, भावनेवर ऑफिस चालत नाही."

शुक्रवारी दुपारी वायरमननं येऊन भिंतीतली मेन पिन काढून टाकली. एक्स्चेंज लगेच मेलं नाही. चौघी होत्या ना! डबा बॅटरीवर चालू राहिला आणि थोड्या थोड्या वेळानं टीं टीं करू लागला. खोलीला कुलूप लागायच्या आत चार्जर सोडवावा म्हणून मी तरातरा तिथं गेलो. आक्कानं हातानंच मला गप्प केलं. ती फोनवर होती.

"हॅलो, जॅकवेल? एक्स्चेंज बोलतीय. पातळी?"

जॅकवेल म्हणजे नदीकाठचं आमचं पंपघर. तिथं पंप चालवतात ते यशवंतमामा, आक्काचे मालक. दोघं कॉलनीत एकाच क्वार्टरमध्ये राहतात. मामांना मोटारीच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं खोलीभर ऐकू येतं.

"अकरा फूट!"

"नोंद केली. गोळी घेतली का? डब्यात भाकरीखाली चटणी हाय, काल तशीच माघारी आणली. आन सकाळी कोइमतूरचा फोन आलता. खुशाल हाय."

 मग आवाज आला, "बरं. पातळी अकरा फूट."

"सांगितलं मगाशी. आज एक्स्चेंज बंद हुतंय. लंगडी उतराय लागलीय." आणि तिनं फोन ठेवला.

माझं डोकं फिरलं. कारखान्याची लाईन, कारखान्याची बॅटरी, आणि बाई चटणीच्या गप्पा मारतेय! मी म्हटलं, "आक्का, माझा चार्जर जप्त करता आणि हे काय? संध्याकाळी घरी काय तोंड शिवून बसता का?"

"व्हय," आक्का म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"पोरगं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानावर जातो म्हणालं, तवा ह्यांनी त्याला उंबऱ्यावर सांगितलं, पुन्ना हितं पाय ठेवायचा न्हाई. पोरगं बी बापावाणीच. त्यानं ठेवला न्हाई. मी तवाच शपथ घेतली, त्यो ईस्तवर ह्या घरात तुमच्यासंगं बोलणार न्हाई."

"मग आत्ता बोललात ते?"

"ही ड्यूटी हाय!" आक्का माझ्यावर उखडली. "मी 'ह्या घरात' म्हणलं हुतं. एक्स्चेंज घरात हाय का? घरात लय लाईट हाय गड्या, दोन टुबा हायत. पर बोलायची न्हाई."

बॅटरी टीं टीं करत होती. आक्का वाकून लंगडीच्या अंगावर हात ठेवून बसली. मी चार्जर न मागता बाहेर आलो, आणि मला असा काही राग आला की कुणाचा ते माझं मलाच कळेना. त्या बापाचा, त्या पोराचा, त्या शपथेचा. शेवटी जो समोर सापडला त्याच्यावर, म्हणजे साहेबांवर तो निघाला.

"साहेब, जॅकवेलला मोबाईलची रेंज नाही. माहितीय तुम्हाला? तिथली मोटर जळाली तर कळवणार कसं? कबूतर पाठवून?"

कारकुनाचा असा आवाज साहेबांनी कधी ऐकला नसावा. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून जॅकवेलच्या माणसाला फोन लावून बघितला. लागला नाही. परत लावला. मग घसा खाकरून म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं का नाही? राहू दे ते एक्स्चेंज."

बाई चार दिवस 'लाईन तोडू नका' म्हणत होती तेव्हा का विचारलं नाही, हे तोंडाशी आलेलं मी गिळलं. वायरमनला न शोधता स्वतःच जाऊन मेन पिन खोचली. टीं टीं थांबलं. आक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी फोन उचलला.

"हॅलो, जॅकवेल? एक्स्चेंज. लाईट आली. पातळी?"

पातळीचा आकडा आला नाही. मोटारी घरघरत राहिल्या. मग यशवंतमामा एरवीसारखे ओरडले नाहीत, हळूच बोलले, मी पिनपाशीच वाकलेला होतो म्हणून ऐकू आलं; तेही ऑफिसला बोलावं तसं अहो-जाहो करून.

"एक्स्चेंज... तुमी जेवला का?"

आक्कानं पदर तोंडाला लावला.

"ड्यूटीचं बोला," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही.