काटासाहेबांचं वजन

सोलरच्या पायांना बांधलेल्या कॅनमधलं पाणी वर्षभरात उन्हानं किती आटलं ते एकदा पाहावं, एवढंच बंकटरावांनी त्या सकाळी ठरवलं. मोबाइलवर वादळाचा इशारा आला होता, आणि वैशाखातलं वारं बीडजवळच्या नेकनूरच्या अंगाला कुणाचं काय उडवून नेईल याचा नेम नसतो.

बंकटराव सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं कारकून होते. उसाची गाडी नुसती बघून ते टनाचा आकडा सांगत (काट्यावर तो वेगळा निघे, पण तो काट्याचा दोष). गाव त्यांना काटासाहेब म्हणायचं.

गेल्या वर्षी त्यांनी स्लॅबवर सोलर बसवलं ते छबुबाईसाठी. तिला दमा होता. वारं सुटलं की आधी लाईट जायची, मग तिचा श्वास अडकायचा, आणि वाफेचं मशीन लाईटवाचून मुकं. सोलर आलं, पण तेच वाऱ्यानं उडालं तर? बंकटरावांनी कागद घेऊन हिशेब मांडला. पायाला चाळीस किलो, म्हणजे पाणी भरलेले वीस लिटरचे दोन निळे कॅन. चार पायांना आठ. गावात टँकर आठ दिवसांनी येत होता. दुष्काळात प्यायचं पाणी छतावर काय बांधता, असं छबुबाई म्हणाली. तुला वजनातलं काय कळतं, असं त्यांनी विचारलं. ती गप्प बसली. (ती गप्प बसली की आपण जिंकलो, असं ते चाळीस वर्षं समजत आले होते.)

त्याच वैशाखात वादळ आलं. सोलर तसूभर हललं नाही. शेजारच्या त्रिंबकनं त्यांच्याच हिशेबानं पाण्याचे कॅन बांधले होते, त्याचं मात्र उडून बाभळीत पडलं. गाठी नीट मारल्या नसशील, असं बंकटरावांनी त्याला चारचौघांत सुनावलं.

छबुबाई पौषात गेली, अंबाजोगाईच्या दवाखान्यात. तेव्हापासून बंकटराव रोज वर जाऊन सोलरची काच पुसत. मशीन कपाटावर पडून होतं, पुसून काही मिळायचं नव्हतं. पण उभ्या संसारात तिच्यासाठी एवढं एक काम आपल्या हातून बरोबर झालं, या समाधानावर ते दिवस काढत होते.

त्या सकाळी त्यांनी पहिल्या कॅनचं झाकण काढलं तर आत वाळू. दुसऱ्यातही वाळू. आठही कॅन गळ्यापर्यंत वाळूनं भरलेले. दुसऱ्या बाजूच्या स्लॅबवर शेजारीण पारूबाई कुरडया वाळत घालत होती, ती चोरी सापडल्यागत उभी राहिली. बंकटरावांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. मागच्या साली, वादळाच्या आधी, तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि घरात घोटभर पाणी नव्हतं. बंकटराव पेन्शनच्या कामाला बीडला गेले, तेवढ्यात छबुबाईनं आणि तिनं मिळून पाणी खाली उतरवलं आणि पारूबाईच्या घरकुलाची उरलेली वाळू घमेल्यांनी वर नेऊन भरली.

"लई दम लागत हुता तिला," पारूबाई म्हणाली. "तरी घमेलं सोडंना. म्हनली, ह्यांला सांगू नको. ह्यांला वाटू दे पाणीच हाय."

बंकटरावांनी एक कॅन उचलून पाहिला. जागचा हलला नाही. तेवढ्याच कॅनमध्ये वाळू पाण्याच्या दीडपट भरते, हे रोज तिथं काच पुसणाऱ्या काटासाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते त्या कॅनवरच बसले आणि पोरासारखे रडले.

थोड्या वेळानं त्रिंबक जिना चढून आला. त्यानं नवं सोलर बसवलं होतं, औंदा किती वजन लावायचं ते विचारायला आला होता. बंकटरावांनी डोळे पुसले.

"पाणी नको त्रिंबक, वाळू भर. छबूचा हिशेब हाय तो."

त्रिंबक चाचरला. "काकू मागच्याच साली बोलल्या हुत्या मला. वाळू भर, पाणी प्यायला ठेव म्हनून."

"मग कावून भरली न्हाईस बे?"

"मी म्हनलं, काकूला वजनातलं काय कळतंय," त्रिंबक खाली बघत म्हणाला. "तुमीच तर म्हनायचात."