अखेरसेवेची पहिली ऑर्डर

भागवतने धंदा काढला तेव्हा एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. गिऱ्हाईक यावं म्हणून त्याला देवाला साकडं घालता येणार नव्हतं. पुण्याची नोकरी सोडून तो काष्टीला, आपल्या गावी, परतला होता आणि त्याने 'अखेरसेवा' नावाचं ऍप तयार केलं होतं. घरात कुणी गेलं की मोबाईलवर एक बटण दाबायचं. दहाव्याचा मांडव, आचारी, प्रवचनाचे महाराज, श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणि सगळ्या पाहुण्यांना निरोप, सगळं ऍप बघणार. दुःखातल्या माणसाला धावपळ करावी लागू नये, एवढाच त्याचा हेतू होता आणि तो अगदी खरा होता.

नव्या धंद्यांना मदत करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेने त्याला हात दिला होता. महिनाअखेरपर्यंत एक तरी ऑर्डर पूर्ण करून दाखवा, नाहीतर तुमच्या जागी दुसऱ्याला घेऊ, असं तिथल्या राजेश्वरी मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं. भागवतने पत्रकं छापून घेतली. छापखानावाल्याने केटररचा जुना मजकूर तसाच ठेवला, त्यामुळे प्रत्येक पत्रकाच्या तळाशी 'एकदा सेवेची संधी द्या, पुन्हा पुन्हा याल' असं आलं. आठवडे बाजारात लोकांनी ती पत्रकं वाचली आणि नीट घडी घालून परत केली.

मग तो आजारी माणसांना भेटायला गेला. खरं तर तो पूर्वीपासूनच जायचा, पण आता त्याला फाटकात पाहताच लोक खाटेवरून उठून बसायचे आणि आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला अंगणात फेऱ्या मारायचे. गावातल्या डॉक्टरच्या औषधानेही कधी इतका गुण आला नव्हता. पंधरवड्यात गावात कुणीच गेलं नाही. भागवतला त्याचं वाईट वाटू लागलं आणि वाईट वाटतंय म्हणून स्वतःची लाजही वाटू लागली.

अशात एके दिवशी सकाळी सहाला त्याच्या चुलत्यांच्या, आबासाहेबांच्या, मोबाईलवर मेसेज आला. आबा चार महिने अंथरुणाला खिळलेले होते. वडील गेल्यावर भागवतला लहानाचं मोठं त्यांनीच केलं होतं. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून त्यांच्या बायकोने, भागूबाईकाकूंनी, मेसेज मोठ्याने वाचला. 'आबासाहेब, आपली ऑर्डर अर्धवट राहिली आहे. आजच पूर्ण करा आणि निश्चिंत व्हा.' वाचून झाल्यावर त्या पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या.

"ह्ये कुनी लिवलं?" आबांनी विचारलं.

शेजारीच बसलेल्या भागवतच्या हातातला चहा निवून गेला. "मीच, आबा. ऍप चालतंय का बघायला कुनाचं तरी नाव टाकायचं हुतं. तुमचंच आठवलं."

"मंग अर्दवट का सोडलं?"

"फुडं गेल्याची तारीख विचारली," भागवत म्हणाला. "तिथं हात चालंना."

 आबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं भागवतला वाटलं. पण त्यांनी मोबाईल मागितला आणि एकेक गोष्ट नीट विचारून घेतली. फ्लेक्सवरचा फोटो त्यांना पसंत पडला नाही. महाराज लांबण लावणारे नकोत, असं त्यांनी बजावलं. मग हळूच विचारलं, की कोपरगावला सहादेवलाही निरोप जातो का.

सहादेव हा त्यांचा मधला भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी भागवतच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. दोन तास सगळे ताटकळले. तेव्हा सहादेव चारचौघांत म्हणाले होते, की थोरल्याने, म्हणजे आबांनी, धाकट्याला शेवटचं बघितलं नाही म्हणून त्याचा जीव अडकलाय. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"मी गेल्यावर त्यो ईल," आबा म्हणाले. "पन त्यो आल्याला मला कसा दिसल? आत्ताच धाड."

"खोटं कसं धाडू, आबा?"

"खोटं न्हाई. जरा आदी हाय."

भागवतला नाही म्हणता आलं नाही. त्याने तारीख रिकामीच ठेवून यादीतून फक्त सहादेवचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. दुःखाच्या भरात माणूस एखादं नाव विसरतो, म्हणून एकाला निवडलं तरी निरोप सगळ्यांना जाईल, अशी सोय त्यानेच केली होती. ती तो विसरला होता. आबांच्या मोबाईलमधल्या तीनशे बारा माणसांना आबा गेल्याचं एका क्षणात कळलं.

दहाच्या सुमाराला पहिला टेम्पो आला. बायकांनी रस्त्याच्या वळणावरूनच गळा काढला होता. दारात आल्यावर त्यांना आबा उशीला टेकून बसलेले दिसले आणि रडणं मध्येच थांबवायचं कसं, ते कुणाला कळेना. भागवत हात जोडून सगळ्यांची माफी मागत सुटला. बाजारतळाजवळ राहणारे काकासाहेब हे आबांचे लहानपणापासूनचे मित्र. आणलेला हार परत कुठे न्यायचा म्हणून त्यांनी तो आबांच्या गळ्यात घातला, आणि मग आलेल्या प्रत्येकाने तेच केलं. आबा हारांत हनुवटीपर्यंत बुडाले. दुपारी मांडववाला बांबू घेऊन आला, त्याला चहा पाजून परत पाठवला.

दोन एसट्या बदलून सहादेव संध्याकाळी पोचले. उंबऱ्यातच थबकले.

"तू हायस व्हय," ते म्हणाले.

"हाय अजून. बस."

"तू हायस ह्ये म्हायती असतं तर आलो नसतो."

"म्हनून तर तसं कळवलं."

सहादेव खाटेच्या कडेला बसले आणि तोंड फिरवून रडले. उद्या सकाळच्या गाडीने जातो म्हणाले, पण गेले नाहीत. पंखा किती जोरात ठेवायचा यावरून दोघे दिवसभर भांडायचे आणि रात्री एकाच खोलीत झोपायचे. आबा इतकं जेवताना काकूंनी चार महिन्यांत पाहिलं नव्हतं.

राजेश्वरी मॅडमचा फोन आला. एका निरोपावर एवढी माणसं जमली, हे त्यांना फार आवडलं होतं. फक्त ऑर्डर पूर्ण कधी होणार, असं त्यांनी विचारलं. भागवतने फोन ठेवला.

सहादेव आल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी आबा गेले. चहा घेता घेता मान कलली, एवढंच. सहादेव त्यांचा हात धरून बसून राहिले. भागवतने मोबाईल काढला. या वेळी तारीख भरली आणि बटण दाबलं. तीनशे बारा जणांना निरोप पोचला.

तासभर कुणीच आलं नाही. मोबाईलवर हसरे चेहरे येत राहिले. काकासाहेबांनी लिहिलं होतं, 'आबांना म्हणावं, या खेपेला हार मिळणार नाही.' शेवटी भागवतने केडगावच्या आत्याला फोन लावला. आबा खरंच गेले, असं त्याने सांगितलं. आत्या हसली आणि म्हणाली, "बरं, आबांकडं दे फोन."

भागवतने फोन बंद केला. मग तो गाडी काढून निघाला. दारोदार जाऊन सांगण्यावाचून आता इलाज नव्हता.

काकासाहेबांनी हसतच दार उघडलं. मोबाईल त्यांच्या हातातच होता. "आता काय काढलंय आबानं?" त्यांनी विचारलं.

अशा वेळी काय बोलायचं याचे तीन नमुने भागवतने ऍपसाठी स्वतः लिहिले होते. त्याने तोंड उघडलं, पण त्यातला एकही शब्द आला नाही. काकासाहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"तू घरी जा, काकूपाशी बस," ते म्हणाले. "फुडली घरं मी सांगतो."