पंख्याला लटकलेला फौजदार

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना एकच वेड होतं. माणूस-माणूस खेळायचं.

हसू नका. तुम्ही नाही का वाघ-वाघ खेळत? तुम्हाला राक्षसांच्या गोष्टी आवडतात, तशा जनावरांना माणसांच्या आवडतात. माणूस खरा नसतो असं त्यांना वाटतं. त्यामुळे तो आणखीच आवडतो.

खेळ असा. वडाखाली गोल करून बसायचं. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी पोस्टमन. मग भिवाआजोबा, म्हणजे म्हातारं कासव, गोष्ट सुरू करायचे. "तुम्ही एका अंधाऱ्या कचेरीच्या दारात उभे आहात. आत कोणीतरी खोकतंय. काय करणार?" ज्याला धाडस करायचं असेल त्याने लाकडी फासा टाकायचा. फासा चांगला पडला तर जमलं. वाईट पडला तर गेला तो माणूस.

सोपान नावाचा एक ससा या खेळात फौजदार दगडूजी व्हायचा.

एरवी सोपान स्वतःच्या शेपटीला बिचकायचा. ओढ्यावर कोल्हा दिसला की आपल्याला तहानच नव्हती असं ठरवून परत यायचा. पण फौजदार दगडूजी कोणाला भीत नसत. त्यांना भरघोस मिशा होत्या. आणि गंमत म्हणजे, संध्याकाळी फौजदार झालेला सोपान दुसऱ्या दिवशी सकाळीही थोडा फौजदारच असायचा. तेवढ्या वेळात तो ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन घ्यायचा.

एका संध्याकाळी दगडूजींची गाठ पंख्याशी पडली. पंखा म्हणजे छताला राहणारा तीन हातांचा राक्षस. सतत गरगर फिरतो, खात काहीच नाही. दगडूजींनी उडी मारली आणि त्याचा एक हात धरला. खाली उकळत्या चहाचं भलं मोठं पातेलं. पकड सुटत चालली. सोपानने डोळे मिटून फासा टाकला.

फासा घरंगळत पाचोळ्यात गेला. कोणी बघायच्या आत भिवाआजोबांनी त्यावर करवंटी पालथी घातली.

"थांबा," ते म्हणाले. "आधी ठरवा. कोणत्या आवृत्तीप्रमाणे?"

कारण, बाळांनो, या खेळाच्या नियमांच्या तीन आवृत्त्या होत्या.

पहिली झाडाच्या सालीवर कोरलेली. तिच्यात थोडेच नियम होते, आणि त्यातला एक पुसला गेला होता. "तोच सगळ्यात चांगला होता," आजोबा म्हणायचे. "चार किंवा वर पडला तर वाचला, नाहीतर मेला. संपलं. तेव्हाची माणसं मरायला लाजत नसत."

दुसरी पळसाच्या पानांवर लिहिलेली. ती साळिंदर सुंदराकाकूंच्या पाठीवर असायची, काट्यांत नीट खोचलेली. "पंखा कोणत्या बाजूला फिरतोय?" काकू विचारायच्या. "चहात साखर पडली आहे का? हे न विचारता माणूस मारायचा म्हणजे रानटीपणा झाला."

तिसरी माकडाची. टिल्याची. ती कुठे लिहिलेलीच नव्हती. "आजोबा, तिसऱ्या आवृत्तीत सहसा कोणी मरत नाही," टिल्या म्हणायचा. "सगळ्यांना मजा आली पाहिजे."

"मग त्याला खेळ कशाला म्हणायचं? झोपा काढा," आजोबा म्हणायचे.

"झोपेचेही नियम आहेत," काकू पानं उलटत म्हणायच्या.

मोहाची फुलं गळून गेली. पाऊस येऊन गेला. मोहाला पुन्हा फुलं आली. करवंटी तिथेच. हरणंसुद्धा तिला वळसा घालून जाऊ लागली. दगडूजी पंख्याला लटकलेलेच होते, आणि लटकलेला फौजदार घेऊन कोणी ओढ्यावर जाऊ शकत नाही. सोपान सकाळी गवतावरचं दंव चाटून दिवस काढायचा.

अशात इरा परत आली. इरा म्हणजे सोपानच्या शेजारचं मुंगूस. सात डोंगरांपलीकडच्या मोठ्या शाळेत शिकून आली होती. तिथे साप आणि मुंगूस एका बाकावर बसतात म्हणे. तिच्या डोळ्यांत चमक होती. आपल्या जंगलात काहीही होऊ शकतं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"सोपानदादा, तू असा वाळलास का रे?"

सोपानने सगळं सांगितलं. "पडले तर पडू देत, इरा. पण कळू दे तरी."

इरा तडक वडाखाली गेली. "तुम्ही तिघं कुठे वेगळं म्हणता हे मला नको," ती म्हणाली. "कुठे सारखं म्हणता ते सांगा."

तिघांनाही हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता. ते जरा दुखावलेच.

"सहा पडला तर?" इराने विचारलं.

"वाचला," आजोबा म्हणाले.

"वाचला. साखर असो वा नसो," काकू म्हणाल्या.

"वाचलाच की," टिल्या म्हणाला.

"आणि एक?"

"मेला."

"मेला. पुरवणीतसुद्धा."

टिल्याने शेपूट खाली सोडली. "एकाला मात्र आमच्यातही इलाज नाही."

"बघा, केवढं साम्य आहे आपल्यात," इरा म्हणाली. "मग करवंटी उचलू या. एक किंवा सहा निघाला तर प्रश्नच मिटला."

"आणि मधला निघाला तर?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"तर भांडा पुढे. मी कुठे अडवतेय?"

हे सगळ्यांना पटलं. करवंटी उचलायचा मान सोपानचा होता. त्याने मनातल्या मनात मिशांना पीळ दिला आणि करवंटी उचलली.

एक.

वडाखाली नुसता जल्लोष झाला. एकमत झालं होतं. जंगलात आजवर कशावरही झालं नव्हतं ते. काकूंनी आजोबांना मिठी मारली आणि आजोबांना कवच असल्यामुळे काही झालं नाही. टिल्या या फांदीवरून त्या फांदीवर "मेला, मेला" करत नाचला. इराच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ पडली.

तेव्हा तिला सोपान दिसला. तो करवंटी मांडीवर घेऊन बसला होता.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पण चर्चा चांगली झाली ना?"

"फार छान झाली," सोपान म्हणाला.

"नवा माणूस घे, लेका," आजोबा म्हणाले. आनंदाने त्यांचा आवाज तरुण झाला होता. "खेळू या."

सोपानने नवा माणूस घेतला. फौजदारांची बहीण, हवालदार चंद्राबाई. त्या कचेरीच्या दारात आल्या. दारात पायपुसणं होतं. "ते ओलांडायला फासा टाक," आजोबा म्हणाले.

सोपानने फासा टाकला. तो थांबायच्या आत त्याने झेप घेतली आणि करवंटी पालथी घातली.

"थांबा," सोपान म्हणाला. "कोणत्या आवृत्तीप्रमाणे?"

काकूंच्या पाठीवरची पानं सळसळली. आजोबांनी मान बाहेर काढली. टिल्याने फांदी घट्ट धरली. तिघांच्या तोंडावर काय सुख पसरलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान ओढ्यावर गेला. कोल्हा तिथेच होता. सोपानने त्याला जरा सरकून घ्यायला सांगितलं आणि पोटभर पाणी प्यायला.

चंद्राबाई अजून त्या पायपुसण्यापाशीच उभ्या आहेत. अगदी धडधाकट.

तात्पर्य: मतभेदाने माणूस नुसता अडकून पडतो, मरतो तो एकमताने. तेव्हा बाळांनो, तुमची भांडणं मिटवायला कोणी शिकून-सवरून परत आलं, तर त्याला प्रेमाने बसवून घ्या, चहा द्या, आणि चहात साखर किती घालायची यावर तीन मतं तयार ठेवा.