बापाच्या मरणाचं गाणं

एल्डन स्पर्लॉकने गेल्या वर्षी वडिलांना मारलं आणि तेव्हापासून त्याचं बरं चाललं होतं.

मारलं ते गाण्यात. नॅशव्हिलमध्ये, अमेरिकेतल्या गाणाऱ्यांच्या शहरात, राहून स्वतःची गाणी स्वतः लिहून गिटारीवर म्हणणाऱ्या माणसाच्या गाठीला काहीतरी दुःख असावं लागतं, आणि एल्डनची पंचाईत तिथेच होती. तो ओहायोतल्या डेटनचा. वडिलांचं गालिच्यांचं दुकान, आईला बागेचा नाद, दोघांचं एकमेकांशी पटायचं. दारू त्याला सोसत नव्हती आणि तुरुंग त्याने बाहेरूनसुद्धा नीट पाहिला नव्हता. अशा माणसाच्या गाण्यांना लोक टाळ्या वाजवत, पण त्या घरचं वळण चांगलं म्हणून. शेवटी वैतागून त्याने वडिलांना केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत उतरवलं, छातीच्या रोगाने खंगवलं आणि शेवटच्या कडव्यात जुन्या ट्रकपासून हाकेच्या अंतरावर पुरून टाकलं. वास्तविक वडिलांनी, व्हर्जिल स्पर्लॉक यांनी, जन्मात कोळसा पाहिला तो मांस भाजायच्या शेगडीत.

गाणं चाललं, रेडिओवरही लागू लागलं. गाण्याआधी त्यामागची गोष्ट सांगायची या लोकांत पद्धत असते, आणि ती खरी असावी लागते. सूर हलला तर श्रोते समजून घेतात, गोष्ट हलली तर घेत नाहीत. एल्डन गोष्ट सांगताना मध्येच एक हुंदका द्यायचा. तो कुठे द्यायचा हे त्याने आरशासमोर ठरवलं होतं. पण हल्ली हुंदका आपोआपही येई, त्यामुळे त्याला स्वतःबद्दल आदर वाटू लागला होता.

आता नवी रेकॉर्ड निघाली होती आणि शनिवारी संध्याकाळी शेजारच्या ओपल लेडबेटर यांच्या बैठकीच्या खोलीत कार्यक्रम होता. ओपलबाई निवृत्त शिक्षिका. घडीच्या खुर्च्या मांडायच्या, प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा आणि गाणं चालू असताना चमचासुद्धा वाजवायचा नाही, अशी त्यांच्या घरची शिस्त. या खेपेला व्हर्जिनियातल्या मोठ्या संगीत उत्सवासाठी गायक निवडणाऱ्या रमोना टॅकेट ऐकायला येणार होत्या. खोटा माणूस त्यांना लांबून कळतो, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी हो म्हटलं तर उन्हाळ्यात मोठा मंच. नाही म्हटलं तर चाळिशी उलटलेल्या एल्डनने मुकाट डेटनला जाऊन गालिचे विकायचे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात आई-वडील उभे.

"तू काही बोलावत नाहीस, म्हणून आम्हीच आलो," आई म्हणाली. "तुझा कार्यक्रम आहे ना आज? नेटवर वाचलं मी."

एल्डनने त्यांना आत घेतलं. त्यांना बसवून, संध्याकाळी त्यांना कुठल्या सिनेमाला पाठवावं याचा विचार करत तो गिटारीच्या तारा बदलायला आत गेला. तेवढ्यात पुन्हा घंटा वाजली आणि दार वडिलांनी उघडलं. ओपलबाई हातात ओव्हनमधून काढलेलं कोंबडी-भाताचं गरम भांडं घेऊन उभ्या होत्या. कुणाच्या घरी माणूस गेलं की असं भांडं नेऊन द्यायचं, हा तिथला रिवाज.

"सकाळी रेडिओवर गाणं ऐकलं," त्या भरल्या गळ्याने म्हणाल्या. "मला मेलीला पत्ताच नव्हता, एवढा शेजार असून. एल्डनचे वडील म्हणजे देवमाणूस."

"ते तर झालंच," व्हर्जिल संकोचून म्हणाले. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

एल्डन हातात लोंबकळती तार घेऊन धावत आला. "ओपलबाई, हे माझे काका. वडिलांचे धाकटे भाऊ. आणि या काकू."

"तरीच म्हटलं चेहरा सारखा," ओपलबाईंनी भांडं काकूंच्या हाती देऊन व्हर्जिल यांचा हात दोन्ही हातांत धरला. "संध्याकाळी तुम्ही यायचंच. नाही म्हणायचं नाही."

दार लागलं. व्हर्जिल खुर्चीत जाऊन बसले.

"कशाने गेलो मी?" व्हर्जिलनी विचारलं.

"छातीच्या रोगाने. कोळशाची धूळ जाऊन."

"त्रास फार झाला?"

"चार कडवी," एल्डन खाली मान घालून म्हणाला.

"आणि मी काय करत होते तेव्हा?" आईने, म्हणजे नेल्डाबाईंनी विचारलं.

"तू त्याआधीच्या गाण्यात गेलीस. ट्रकवाल्याबरोबर. टेक्सासला."

नेल्डाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहून घेतलं. "उकाडा असतो म्हणतात तिकडे," त्या म्हणाल्या आणि बशा शोधायला स्वयंपाकघरात गेल्या.

पाच वाजेपर्यंत आणखी भांडी आली. ओपलबाईंनी सगळ्या गल्लीला फोन केले होते. व्हर्जिल मन लावून जेवत होते. "मेलेल्याला इतकं चांगलं मिळतं हे ठाऊक असतं," ते म्हणाले, "तर मी केव्हाच गेलो असतो." पण ते हसले नाहीत, आणि एल्डनने आपली बशी बाजूला सारली.

"बाबा, तुम्ही घरीच थांबाल का?"

"मी कुठला बाबा? मी काका. मला आमंत्रण आहे."

संध्याकाळी ओपलबाईंची खोली भरली. रमोना टॅकेट हाताची घडी घालून कोपऱ्यात बसल्या होत्या. एल्डनने तीन गाणी म्हटली. त्यांची घडी सुटली नाही. मग तो खाणीच्या गाण्याची गोष्ट सुरू करणार, तोच ओपलबाई उठल्या.

"आज मयताचे सख्खे भाऊ इथे आहेत. गोष्ट त्यांनीच सांगावी."

व्हर्जिल पट्टा वर ओढत उभे राहिले.

"व्हर्जिल फारसा बोलका नव्हता," ते म्हणाले. "खाणीबद्दल मला काही सांगता येणार नाही. त्याने घरी कधी खाणीचं नावसुद्धा काढलं नाही. गालिचा मात्र पायाने ओळखायचा. हा तुमचा, बाई, फसवून विकलाय तुम्हाला."

लोक हसले. ओपलबाईंनी गालिच्याकडे पाहिलं.

"पोरगा गिटार घेऊन इकडे आला, तसा व्हर्जिलने कामाच्या जागी रेडिओ आणला. समोरचा माणूस बोलत असला तरी आवाज कमी करायचा नाही. न जाणो, पोरगा लागला तर. कार्यक्रमाला जावं असं फार होतं त्याच्या मनात. पण पोराने कधी बोलावलं नाही. व्हर्जिल म्हणायचा, लाज वाटत असेल त्याला आपली, आपल्यात गाण्यासारखं काही नाही." त्यांनी पट्टा पुन्हा वर ओढला. "आज असता तर तो पुढच्या रांगेत बसला असता."

आणि ते जाऊन पुढच्या रांगेत बसले.

एल्डनने गिटार उचलली. हुंदका ठरल्या जागेच्या कितीतरी आधी आला आणि थांबेचना. दुसरं कडवं तो साफ विसरला, तिसऱ्यात ट्रकचा रंग चुकला. सबंध गाणं तो समोर बसलेल्या त्या जिवंत माणसाला आळवून म्हणाला. त्याला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकं वाईट तो कधी गायलाही नव्हता. व्हर्जिल रुमालात तोंड खुपसून रडत होते.

नंतर सगळे ताटल्या घेऊन उभे असताना रमोना जवळ आल्या.

"गाणं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "खाणीत मेलेले बाप मला रोज कुणी ना कुणी ऐकवतं. बहुतेक जिवंत असतात."

एल्डनने व्हर्जिलकडे पाहिलं.

"पण हे तुमचे काका," रमोना पुढे म्हणाल्या. "या माणसात खोटं औषधालासुद्धा नाही. उन्हाळ्यात मोठा मंच देते. काका बोलतील, तुम्ही मागे बसून हळू वाजवा. गायलंच पाहिजे असं नाही."

व्हर्जिलनी हातातली ताटली खाली ठेवली. "मला काय, मी येईन. पण याच्या बापाला चालेल का, ते बघायला हवं."

त्यांनी छताकडे पाहिलं. रमोनाबाईंनीही आदराने मान खाली घातली.

"चालेल म्हणतो," व्हर्जिल म्हणाले. "फक्त पोराने स्वतःच्या तोंडाने बोलवावं, एवढंच म्हणतो."

"या, बाबा," एल्डन म्हणाला.

रमोनाबाईंना वाटलं, तो वर बघून बोलतोय. मग नेल्डाबाईंनी उरलेला कोंबडी-भात डब्यात भरून घेतला, काका त्यांच्याबरोबर पुढे निघाले, आणि गिटारीची पेटी एका हातात, रिकामी भांडी दुसऱ्या हातात घेऊन एल्डन त्यांच्या मागून चालू लागला.