आठव्या उत्तराचा प्रश्न

पत्रकार परिषद अकराला होती आणि साडेदहापर्यंत जनसंपर्क अधिकाऱ्यांनी सगळे प्रश्न वाटून संपवले होते.

लोकशाहीत प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना असतो. पण कोणता प्रश्न कोणी विचारायचा हे ठरवण्याची तसदी कोणीतरी घ्यावी लागते. बांधकाम खात्यात ती हे अधिकारी घेत. आठ दैनिके, आठ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर क्रमांक. त्याच क्रमाने टाइप केलेली आठ उत्तरे मंत्र्यांच्या पुढ्यात. शिवाय प्रत्येक वार्ताहराला एक पाकीट. त्यात आठही प्रश्न, आठही उत्तरे आणि ‘प्रश्नांच्या सरबत्तीला मंत्रिमहोदयांनी दिलखुलास उत्तरे दिली’ हे आदल्या दिवशीच छापून ठेवलेले वाक्य. दोन प्रश्न मुद्दाम तिखट ठेवलेले असत. त्याशिवाय विचारस्वातंत्र्याला चव येत नाही, असे अधिकाऱ्यांचे मत होते.

अधिकारी स्वतः अडीच वर्षे ‘प्रभारी’ होते. परिषद बिनबोभाट पार पडली, तर दारावरच्या पाटीतला तो शब्द शुक्रवारी जाणार होता. नाही तर पाटीच जाणार होती. कारण नऊ दिवसांपूर्वी नव्या बसस्थानकाचे छत कोसळले होते आणि अकरा प्रवासी इस्पितळात होते. आठांपैकी एकाही चिठ्ठीत त्याचा उल्लेख नव्हता. मंत्र्यांनी बजावलेच होते, “छत हा शब्द माझ्या कानावर आला, तर तुम्ही गेलात म्हणून समजा.”

शेवटची चिठ्ठी देऊन होते न होते, तोच पाक्षिकवाल्या बाई आल्या. चार पानांचे पाक्षिक, सहाशे प्रती. संपादक, वार्ताहर आणि अंकांच्या घड्या घालणाऱ्या, सगळ्या त्याच.

“माझी चिठ्ठी?”

“बाई, चिठ्ठ्या दैनिकांना. तुम्ही पंधरा दिवसांनी छापणार, तोवर उत्तर शिळं होतं.”

“मग मी काय करू?”

“श्रवणभक्ती करा. तिकडे खांबामागं खुर्ची आहे बघा.”

बरोबर अकराला मंत्री आसनस्थ झाले. मंत्री प्रश्न ऐकत नसत. समोरचा उठून पुन्हा खाली बसला, की प्रश्न संपला, एवढे त्यांना पुरत असे. त्यामुळे सारी भिस्त क्रमावर होती आणि क्रमाची भिस्त पहिल्या क्रमांकाच्या ज्येष्ठ वार्ताहरांवर. त्यांनी त्याच सकाळी दाढ काढून घेतली होती. अर्धा जबडा बधिर, गालाशी रुमाल. अधिकाऱ्यांनी खूण केली. ज्येष्ठांनी गालाकडे बोट दाखवून मान हलवली.

“चिठ्ठी द्या इकडं!” अधिकारी कमरेत वाकून खुर्च्यांच्या रांगेतून पुढे सरकत कुजबुजले. पण पहिला उठत नाही म्हटल्यावर दुसरा उठला होता. कर्तव्यदक्ष माणूस, त्याने हातातले वाचले.

“शहरातले खड्डे वर्षभरात दुप्पट झाले, असं विरोधक म्हणतात. आपण काय सांगाल?”

तो बसला. मंत्र्यांनी पहिले उत्तर वाचले. “हे माझं फार जुनं स्वप्न होतं. ते साकार झालेलं पाहून डोळे भरून येतात.”

अधिकाऱ्यांनी सभागृहाकडे पाहिले. कोणी हसले नाही, कोणी चमकले नाही. सगळे माना खाली घालून लिहीत होते.

तिसरा उठला. “आपण एवढ्या धावपळीत वाचन कधी करता?”

“हा विरोधकांचा निव्वळ खोटा प्रचार आहे. असं काहीही घडलेलं नाही.”

चौथा उठला. “आपल्या यशात सौभाग्यवतींचा वाटा किती?”

“रोज पहाटे अर्धा तास. प्रवासात असलो, की तेवढाही नाही.”

अधिकाऱ्यांनी कागदाच्या कपट्यावर चार शब्द खरडले आणि शिपायाकरवी मंचावर पाठवले. समोर आलेला कागद वाचणे हा मंत्र्यांचा स्थायीभाव होता. पाचवा खाली बसताच त्यांनी धीरगंभीर आवाजात सुनावले, “साहेब, एक उत्तर गाळा,” आणि लगेच चौथे उत्तर सुरू केले. सगळ्या लेखण्यांनी तेही टिपून घेतले.

अशा रीतीने सात प्रश्न संपले आणि मंत्र्यांपुढे एक उत्तर उरले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “हं. पुढचा प्रश्न?”

ज्यांच्या चिठ्ठ्या संपल्या होत्या, ते एकमेकांच्या हातांकडे पाहू लागले. समाजाचे कान आणि डोळे होऊन बसलेल्या त्या मंडळींत जीभ एकाचीही नव्हती. ज्येष्ठांची तर रीतसर बधिर केलेली होती.

“विचारा की, भिता कशाला?” मंत्री म्हणाले. हे मात्र त्यांचे स्वतःचे वाक्य होते.

खांबामागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अधिकारी दोन्ही हात हलवत धावले. पण मध्ये खुर्च्यांच्या चार रांगा होत्या.

“बसस्थानकाचं छत पडलं,” पाक्षिकवाल्या बाई म्हणाल्या. “अकरा माणसं जायबंदी झाली. हे कोणाचं काम?”

त्या बसल्या. मंत्र्यांनी आठवे उत्तर काढले. ते विश्रामगृहे विक्रमी वेळात बांधल्याबद्दलचे होते.

“यात ना अधिकाऱ्यांचा हात, ना कंत्राटदाराचा. सगळं माझ्याच सांगण्यावरून झालं. सिमेंटच्या गोण्यांपर्यंत मी जातीनं लक्ष घातलं. आणि येत्या वर्षात गावोगाव हेच करून दाखवू!”

टाळ्या पडल्या. उत्तर संपले, की त्या पडतच.

अधिकारी रात्रभर तळमळले. सकाळी त्यांनी आठही दैनिके उघडली. आठांतही पाकिटातला मजकूर होता, शब्दशः. ज्येष्ठांनी तर ‘आमच्या प्रतिनिधीच्या थेट प्रश्नाला उत्तर देताना’ अशी सुरुवात केली होती. कानांनी ऐकलेले आठांपैकी एकानेही छापले नव्हते. वहीत लिहून घेतलेले वहीतच ठेवण्याचा संयम त्यांच्याकडे होता.

गुरुवारी पाक्षिक निघाले. त्यात प्रश्न होता आणि त्याखाली उत्तर, स्वल्पविरामासकट. तासाभरात अधिकाऱ्यांच्या घरी मंत्र्यांच्या स्वीय सहायकांचा फोन आला.

“साहेब भडकलेत. खंडन काढा, आजच.”

“अहो, सहाशे प्रती त्या!” अधिकाऱ्यांची बायको म्हणाली. “निम्म्या तर गठ्ठ्यातून सुटतही नाहीत. गप्प बसा की!”

“उद्या शुक्रवार आहे. माझ्या नेमणुकीवर सही व्हायचीय.”

“मग नुसतं ‘ते खोटं आहे’ एवढंच लिहा.”

“तसं नाही चालत. खंडन करायचं, तर कशाचं ते आधी द्यावं लागतं. नियम आहे.”

त्यांनी नियमाप्रमाणे लिहिले. छताबद्दलचा प्रश्न संपूर्ण, उत्तर संपूर्ण, आणि शेवटी ‘असे मंत्रिमहोदय म्हणाले नाहीत’. आठ पाकिटे आठ दिशांना गेली. शुक्रवारी आठही दैनिकांनी पहिल्या पानावर, चौकटीत, ठळक टाइपात ते छापले.

दुपारपर्यंत अकरा जखमींचे नातेवाईक, हातात कात्रणे घेऊन, मंत्र्यांच्या बंगल्याबाहेर उभे होते.

“मी असं म्हणालो?” मंत्री गरजले.

“नाही साहेब,” अधिकारी म्हणाले. “म्हणाला नाहीत, असंच छापलंय.”

“मग हे लोक कशाला बोंबलताहेत?”

“त्यांना आधी ठाऊकच नव्हतं, साहेब.”

संध्याकाळी स्वीय सहायकांनी अधिकाऱ्यांना बाजूला घेतले. “तुमची बदली. जुन्या नकाशांचं गोदाम. बातमी तेवढी तुम्हीच लिहून द्या. तुमच्याइतकं सफाईदार कोण लिहिणार?”

अधिकाऱ्यांनी लिहिले: ‘प्रकृतीच्या कारणास्तव, स्वतःच्या विनंतीवरून.’ शनिवारी आठही दैनिकांत ते शब्दशः आले. आठांपैकी चौघांनी त्यांच्या दीर्घायुष्यासाठी शुभेच्छाही दिल्या होत्या; त्या कोणत्या चौघांनी द्यायच्या, हेही अधिकाऱ्यांनीच लिहून दिले होते.

नऊच्या सुमारास घरचा फोन वाजला.

“मी पाक्षिकातून बोलतेय,” बाई म्हणाल्या. “ती विनंती खरंच तुम्ही केली होतीत का?”

अडीच वर्षांत त्यांना खुद्द त्यांच्याबद्दल कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“एक मिनिट हं,” ते म्हणाले, आणि उत्तरासाठी टेबलावरचे कागद उलटेपालटे करू लागले. पलीकडे बाई थांबून राहिल्या. त्यांना घाई नव्हती. त्यांचा पुढचा अंक निघायला अजून तेरा दिवस होते.