गॅलरीखालचा आशिक

आमच्या गल्लीत दुपारी कुत्रं बी हलत नाय असं ऊन असतं. त्या उन्हात एक म्हातारा माणूस गुलाबी फेटा बांधून येतो, आमच्या घरमालकाच्या गॅलरीखाली उभा राहतो, कमरेत वाकून मुजरा करतो अन् ओरडतो, "बेगमसाहेबांच्या महालाखालून फकीर चाललाय हो! एक नजर मिळंल का?"

वर बेगमसाहेब लसूण सोलत बसलेल्या असतात. खाली बघत बी नायत. "फकिराला म्हणावं सावलीत हो. चक्कर येऊन पडलास तर उचलायला माझ्यात ताकद नाय."

"सुना क्या, बेटा?" ते म्हातारे काका खालच्या दारात उभ्या मला म्हणतात. "माझी काळजी करायली!"

मी पहिल्यांदा बघितलं तवा लेकराला पोटाशी धरून दारच लावून घेतलं. म्हणलं येडा हाय, आत शिरला म्हंजे? मी तशी भित्रीच, कुकरची शिट्टी झाली तरी दचकते, अन् आमचे हे कंपनीत गेले की खालच्या खोलीत मी एकटी. मग वरून काकूच म्हणल्या, "भिऊ नको गं. नवरा हाय माझा."

व्हय, नवरा. काका रिटायर झाले अन् दोन्ही पोरांनी बसून वाटणी केली. आमच्याकडं शेताची होते तशी म्हाताऱ्यांची बी होते, कुणाला काय वावगं वाटत नाय. थोरल्या विलासदादाकडं, म्हंजे आमच्या घरमालकाकडं, आई आली, कारण वहिनी कामाला जातात, पोळ्या कुणी करायच्या? धाकट्याकडं बाप गेला, पोरांना शाळेतून आणायला. दोन्ही घरं बजाजनगरातच, दोन गल्ल्या मधी. पण दोघी सुनांचं वाजलं, मग ठरलं की काकांनी हा जिना चढायचा नाय अन् काकूंनी तिकडं फिरकायचं नाय. झालं, संसार तुटला, अन् कुणी मेलं बी नाय.

"काका, दादाला सरळ सांगा ना, आम्हाला एकत्र ठेवा म्हणून," मी एकदा म्हणले.

"सांगितलं की. तो म्हणला, बघू. बघू म्हंजे नाय, बेटा. मग मी म्हणलं, ठीक है, नवरा नको तर आशिक होऊ. इश्काचा कायदा है."

हे कायद्याचं त्यांचं सारखंच चालायचं. त्यांचे वडील जुने दख्खनी किस्से सांगायचे, सुलतानांच्या वेळचे, ते सगळे काकांना पाठ. राजकन्या वर महालात, आशिक खाली धुळीत. तिनं वरून भांड्याचं पाणी फेकलं की हा म्हणायचा, गुलाबजल आलं! पहारेकऱ्यानं काठी घातली की म्हणायचा, हुजूर, काठी लई मऊ, चंदनाची का? मी तर पदर तोंडात धरून हसायचे.

"हसायलाच केलाय त्याला," काका म्हणायचे. "पण एक बघ, सगळी दुनिया हसती, अन् तो काय जागा सोडत नाय."

किश्श्यात एक माळीण असते म्हणे, ती फुलाच्या टोपलीतून निरोप नेते. काकांनी मलाच माळीण केलं. मी नको नको म्हणत, लेकरू कडेवर घेऊन, मोगऱ्याचा गजरा वर न्यायचे. काकू म्हणायच्या, "केस किती राहिले ते दिसत नाय का त्याला?" अन् माळायच्या. वहिनी यायच्या आधी काढून पिठाच्या डब्यात लपवायच्या. खाली मग कारळाची चटणी जायची.

पण कुणीतरी मेल्यानं काकांच्या मुजऱ्याचा मोबाईलात व्हिडिओ काढला अन् कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. विलासदादा लालेलाल झाले. गॅलरीच्या दाराला कुलूप. माझ्या दारात येऊन म्हणले, "ताई, निरोप बंद. नायतर दुसरी खोली बघा."

लेकरू घेऊन कुठं जायचं? मी व्हय म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी काका आले. गॅलरी रिकामी. तरी वाकून मुजरा केला. पोरं मोबाईल काढून उभीच होती. दादा सुट्टीवर, ते फाटकात आले. "बाबा, गप घरी जा. लाज आणली."

"हुजूर पहारेकरी आले!" काका म्हणले, पण आवाज फाटला होता. "काठी आणली का?"

दादांनी त्यांचा दंड धरला अन् फाटकाबाहेर ओढलं. फेटा खाली पडला.

मग काय झालं मलाच कळलं नाय. मी बाहेर आले अन् म्हणले, "दादा, हात सोडा. ते तुमचा जिना नाय चढणार, माझ्या उंबऱ्यावर बसतील. भाडेकरूकडं पाहुणे येत नायत का?"

"खोली सोडायची का तुम्हाला?"

"सोडू. पण आज नाय."

अन् मी वर गेले, काकूंचा हात धरला, पिठाचे हात तसेच, अन् खाली आणलं. दादा गाडीला लाथ मारून निघून गेले.

दोघं माझ्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता काका काय काय बोलतील, चांद म्हणतील, परी म्हणतील. कशाचं काय. ते नव्या नवरदेवासारखे पायाकडं बघत बसले.

काकूंनी त्यांचा सदरा हातात धरला. "बटण कधी तुटलं?"

"लई दिस झाले."

"सून लावत नाय?"

"मी सांगितलंच नाय." मग लई हळू म्हणले, "तिकडं पोरं आजोबा म्हणतात, सून पप्पा म्हणती. अवं म्हणणारं कुणी नाय गं. कधी कधी वाटतं, मी हाय का नाय."

मी सुई-दोरा आणून दिला अन् लेकराला घेऊन आत सरले. खोली अजून हाय, उद्याचं म्हाईत नाय, भ्या तर वाटतंच. पण दुपारी माझं दार उघडं असतं, ज्याला काढायचा त्यानं व्हिडिओ काढावा.

बाहेर काकूंनी दातानं दोरा तोडला.

"अवं," त्या म्हणल्या, "हलू नका. सुई टोचंल."