कुत्र्यांना अहो म्हणणारे धोंडीभाऊ

धोंडीभाऊ माणसांना अरे-तुरे करायचे आणि कुत्र्यांना अहो-जाहो. "बसा. भुंकायचं न्हाई, लोक दमून आल्यात," असं ते धिप्पाड अल्सेशियनला समजावत असले, की पहिल्या शिफ्टहून परतणारा मी दुसऱ्या गल्लीने घर गाठायचो. मला कुत्र्यांची भयंकर भीती.

काळेवाडीच्या चाळीत ते माझे शेजारी. मूळचे चाकणकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एका कंपनीत पहाऱ्याची कुत्री सांभाळायचे. कंपनीने कुत्री काढली, त्यांच्याबरोबर यांनाही. मग त्यांनी दारावर रंगवलेला पत्रा लावला : 'कुत्री फिरवून व शिकवून मिळतील.' चाळ पोट धरून हसली, पण चिंचवडच्या बंगल्यांतून बोलावणी आली. अटी मात्र कडक. रेबीजची सुई टोचल्याशिवाय कुत्रं हाती घ्यायचे नाहीत, आणि पहिले काही दिवस मालकानेही बरोबर चालायचं.

"मी नसताना त्यांनी तुझंच ऐकाया पायजे," हे त्यांनी एका मॅनेजरला तोंडावर सांगितलं होतं.

एका संध्याकाळी त्यांनी मला अल्सेशियनसकट रस्त्यात गाठलं. तेवढ्यात नाल्याकडून एक भटकं कुत्रं झोकांड्या खात आलं. तोंडातून लाळ गळत होती. धोंडीभाऊंनी साखळी माझ्या हातात कोंबली.

"ह्यांना घेऊन मागं सर, राव. पळू नको."

मी साखळी मनगटाला गुंडाळून मागे सरलो. ते काठी धरून आमच्यापुढे उभे राहिले. ते भटकं कुत्रं त्यांची पोटरी फोडून पळालं.

पोटात सुया घेणं सुरू झालं. धोंडीभाऊ लंगडत प्रत्येक बंगल्यावर जाऊन आले. "डॉक्टर हो म्हणंपातूर येत न्हाई," एवढंच सांगितलं. रेबीज झाला की माणसाला पाण्याची भीती वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी पाण्याचा ग्लास घेऊन ते माझ्या दारात यायचे.

"बघ रं, घसा आवळतोय का."

ते ग्लास तोंडाला लावायचे, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडायचं. घोट खाली उतरेपर्यंत मी त्यांच्या घशाकडे बघत राहायचो.

सुया संपल्या. काही दिवसांनी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. दुसऱ्या सकाळी धोंडीभाऊ पुन्हा दारात, ग्लास घेऊन.

"आता कशाला, धोंडीभाऊ?"

"व्हय की." ते ग्लासाकडे बघत राहिले. "मग आता यायचं न्हाई का?"

मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि आत बायकोला चहा टाकायला सांगितला.